भागूमावशीचं दूध आणि पाच नंबरची लाइन

कंप्युटर अजून रंगराव तात्यांचं नावच घेत होता, आणि माझ्या शेजारी उभी असलेली बाई डोक्यावरचा पदर पुढं ओढत म्हणाली, "बघ पोरी आता. आता माझी इज्जत काढतंय त्ये."

आणि काढलीच हो त्यानं! स्पीकरमधून अगदी शांत, गोड, बालवाडीच्या बाईंसारखा आवाज आला : "भागूबाई. म्हैस. फॅट, तीन पॉइंट सहा."

म्हशीच्या दुधाला तीन पॉइंट सहा! ज्यांना दुधातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. फॅट म्हणजे दुधातली स्निग्धता, सरळ भाषेत सायीचं प्रमाण. गाईचं दूध साडेतीनच्या आसपास असतं, म्हशीचं सहा-सातच्या घरात. म्हशीचं दूध साडेतीनवर आलं, म्हणजे सगळं गाव एकच अर्थ काढतं. पाणी. तेही चमचाभर नाही, भरपूर.

रांगेतून कुणीतरी बोललंच, "मावशी, म्हशीला कालव्यात बुडवून आणली काय?"

सगळे हसले. भागूमावशी नाही हसली.

मी बारामतीत भिगवण रोडला एका कंप्युटरच्या दुकानात हार्डवेअर बघते. म्हणजे जुळवाजुळव, दुरुस्ती, प्रिंटरमध्ये अडकलेली लग्नपत्रिका काढणं, सगळं. सरांनी आदल्या दिवशी एवढंच सांगितलं होतं, "अंथुर्ण्याच्या अलीकडं वस्तीवर एक डेअरी आहे. त्यांचा कंप्युटर खोटं बोलतो म्हणे. जाऊन ये." मला वाटलं सर चेष्टा करतायत. पहाटेची एसटी, पुढं वडापच्या, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या, जीपमध्ये दोन शेळ्यांच्या मधोमध बसून मी पोचले, तर खरंच खोटं बोलत होता! माझ्या डोळ्यांदेखत!

डेअरी म्हणजे एक मोठी खोली. ओट्यावर दूध मापायचा काटा, त्याच्या शेजारी फॅट काढायचं मशीन, त्याच्या शेजारी टेबलावर कंप्युटर, आणि कंप्युटरमागं डेअरीचा सेक्रेटरी दत्ता. माझ्याच वयाचा, आणि कळफलकावर बोटं अशी आपटायचा की मला त्या कळफलकाची कीव आली. दूध मापायचं, सॅम्पल मशीनला द्यायचं, मशीनवर हिरवा दिवा लागला की दत्तानं एंटर मारायचा. कंप्युटर स्वतःच मशीनकडून आकडा घेतो आणि मोठ्यानं वाचून दाखवतो. मशीनवर स्वतःची आकड्याची पट्टी होती म्हणे, पण ती केव्हाच बंद पडलेली. कंप्युटर बोलतोय म्हटल्यावर ती दुरुस्त करायला कोण बसतंय.

हे बोलणं नवीन होतं. डेअरीचे चेअरमन आबा, त्यांची हौस. सॉफ्टवेअरवाल्यांनी विंडोज ९५ वरचं नवीन व्हर्जन दिलं, त्यात बोलायची सोय होती. आबांनी साउंड कार्ड बसवून घेतलं आणि सुनेला, वैशालीवहिनींना, माइकसमोर बसवून सगळ्या सभासदांची नावं रेकॉर्ड करून घेतली. नारळ फोडला, पेढे वाटले. आणि त्याच दिवसापासून भागूमावशीच्या दुधात पाणी निघायला लागलं.

"येकदा न्हाय, दोनदा न्हाय," आबा मला बाजूला घेऊन म्हणाले. "सकाळ-संध्याकाळ. आज संध्याकाळचं दूध झालं की कमिटी बसनार हाय. तिचं दूध घ्यायचं का बंद करायचं, ठरवाय."

"पण आबा, डिग्री काय येतीय?" मी विचारलं. डिग्री म्हणजे दुधात एक काचेची नळी सोडतात, ती किती तरंगते त्यावरून पाणी कळतं.

"डिग्री बरोबर येती," दत्ता म्हणाला. "तीच तर गंमत हाय."

"मग?"

"मग काय? नळी काय, नळी मानूस बघतंय. हे कंप्युटर हाय. ह्याचं कुनाशी वाकडं हाय का ह्याचा कुनी पाव्हना लागतूय?" आबा म्हणाले.

एवढा विश्वास! आमच्या धंद्यातला माणूस कंप्युटरवर एवढा विश्वास कधीच ठेवत नाही, आईशप्पथ.

भागूमावशी दारातच उभी होती. तिच्या सासऱ्यांची मेंढरं होती, ती विकून नवऱ्यानं दोन म्हशी घेतल्या, त्यावर घर चाललेलं. पण ती पैशाचं एक अक्षर बोलली नाही. म्हणाली, "बाई, दूध नगा घेऊ म्हनावं. मी पंढरीला... सॉरी, बारामतीला घालीन. पन पानी घातलं म्हनून बंद केलं, आसं नगं. पोरगीला बघायला मानसं यायची हायत. आन ह्ये रोज सकाळी समद्या गावात आरडतंय."

तिनं 'सॉरी' म्हटलं तेव्हा मला हसू आलं, पण पुढचं ऐकून गेलं.

दूध संपलं, लोक पांगले, मी कामाला लागले.

पहिलं काम कॅबिनेट उघडणं. आत भुसा! खरा भुसा, शेजारच्या खोलीत पेंडीची आणि भुशाची पोती होती ना. फुंकून फुंकून माझे गाल दुखले. मग कार्ड काढलं. फॅट मशीनची वायर ज्या कार्डाला जाते ते जुनं, लांबलचक, आयएसए प्रकारचं कार्ड. त्याच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरनं घासल्या, परत खोचलं. हसू नका, खोडरबर हे आमचं अर्धं दुकान आहे.

मग भागूमावशीच्या दुधाचं राखून ठेवलेलं सॅम्पल मशीनला दिलं. दिवा लागला. एंटर.

सहा पॉइंट नऊ.

परत दिलं. सहा पॉइंट नऊ. परत. सहा पॉइंट नऊ!

"झालं की नीट!" मी ओरडले.

दत्ता बघतच राहिला, मग म्हणाला, "म्हंजी भुशानं फक्त मावशीचंच दूध पातळ हुतं व्हय? बाकीच्यांचं न्हाय?"

बरोबर बोलला हो. माझा उत्साह तिथंच फुस्स. भुसा असता तर सगळ्यांचे आकडे बिघडले असते. एकाच बाईचे का? आणि आत्ता बरोबर का?

मी डोकं धरून बसले. दत्ताला वाटलं पाहुणी कंटाळली, तर जरा करमणूक करावी. म्हणाला, "म्याडम, तात्यांचं नाव नीट ऐकलं का? सगळ्यात भारी रेकॉर्डिंग त्येच हाय." आणि मी चौथ्यांदा सॅम्पल मशीनला देत होते तेवढ्यात त्यानं ते लावलं.

"माजी सरपंच... विद्यमान संचालक... सोसायटीचे आधारस्तंभ... श्रीमान रंगराव... कोंडिबाराव..." मग आडनाव, मग थोडं थांबून, "पाटील."

तात्यांनी म्हणे स्वतः समोर बसून म्हणवून घेतलं होतं. बाकी सगळे 'सोपान', 'भागूबाई', 'लक्ष्मण', एका दमात संपायचे. तात्यांचं नाव म्हणजे सत्काराचं भाषण.

मी खो खो हसत होते. मशीनवर हिरवा दिवा लागला. सवयीनं एंटर मारला. आकडा सहा पॉइंट नऊ. म्हटलं बरोबर. आणि खाली बघते तर काय, मी ह्या वेळी चुकून भलतीच बाटली दिली होती! सोपानच्या गाईची!

गाईचं दूध, आणि आकडा म्हशीचा. म्हणजे कंप्युटरनं नवीन आकडा घेतलाच नव्हता. आधीचाच धरून बसला होता.

"दत्ता! परत लाव तात्यांना!"

"आवडलं न्हवं?"

"अरे लाव!"

तात्या बोलत असताना सॅम्पल दिलं, की आकडा हलत नाही. तात्या गप्प असताना दिलं, की हलतो. दहा वेळा केलं, दहा वेळा तसंच. मी खुर्चीवरून उडी मारली, आणि पेंडीच्या पोत्यांवरची मांजर पळाली.

"दत्ता, रोज तात्यांच्या मागं नंबर कुणाचा?"

"मावशीचाच. तिची किटली तात्यांच्या एम-एटी गाडीवरनंच येती. शेजारी हायत. दोन्ही किटल्या संगंच रांगंत लागत्यात."

रांगेची इथं पद्धत अशी की माणूस उभा राहत नाही, किटली उभी राहते. किटली ठेवायची आणि पारावर गप्पा मारायला जायचं. किटली ज्याच्या मागं लागली त्याच्या मागं. आणि रोज तात्यांची गाई-दुधाची किटली, तिच्या मागं मावशीची म्हशीची. तात्यांचं नाव संपायच्या आत मावशीचं सॅम्पल तयार! बाकी कुणाचं नाव एवढं लांब नाही, म्हणून बाकी कुणाला त्रास नाही. तात्यांच्या गाईची फॅट मावशीच्या नावावर, रोज, दोन वेळा, वैशालीवहिनींच्या गोड आवाजात!

आता असं का होतं ते सांगते, सोपं आहे.

कंप्युटरच्या आत प्रोसेसर सगळी कामं करतो. पण कार्डाला काही सांगायचं असेल तर त्यानं प्रोसेसरला हाक मारायला हवी. त्यासाठी आत नंबर दिलेल्या लाइन असतात, त्यांना आयआरक्यू म्हणतात. एका लाइनवर एकच कार्ड असावं. हे मी दत्ताला सांगितलं तर तो लगेच म्हणाला, "पान्याच्या पाळीवानी." अगदी तसंच! कालव्याला पाणी सुटलं की एका वेळी एकानंच दारं धरायचं. दोघांनी एकदम दार उघडलं की एकाचं भिजतं आणि दुसऱ्याचं वावर कोरडं.

जुन्या कार्डाला लाइन कोणती हे हातानं ठरवावं लागतं. कार्डावर बारीक खिळे असतात, त्यांवर काळी टोपी बसवायची, तिला जंपर म्हणतात. फॅटच्या कार्डाचा जंपर पाचवर होता. साउंड कार्ड मात्र नव्या पद्धतीचं. त्याला विंडोज स्वतः लाइन वाटून देतं. आणि विंडोजला हे जुनं कार्ड आहे हेच माहीत नव्हतं! जुनी कार्डं स्वतःची ओळख सांगत नाहीत. सॉफ्टवेअरवाल्यांनीही नोंद केली नव्हती. म्हणून विंडोजनं बघितलं, पाच नंबर मोकळा, दिला साउंड कार्डाला. आता साउंड कार्ड बोलत असलं की पाच नंबरवरची हाक सगळी त्यालाच जाते. फॅटचं कार्ड ओरडतंय, कुणी ऐकत नाही, पडद्यावर जुनाच आकडा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोज जिथं सगळ्या कार्डांची यादी दाखवतं तिथं, भांडण असलं की पिवळी खूण येते. इथं खूण नाही, काही नाही. सगळं आलबेल!

उपाय सोपा. जंपर काढायचा आणि सातवर बसवायचा. बसवला. चालू केलं. फॅटचं कार्ड मेलं. आकडाच येईना.

एसटीडी बूथवरून पुण्याला सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावला.

"पाच नंबर प्रोग्रॅममध्येच लिहिलाय मॅडम," तो म्हणाला. "बदलता येत नाही."

"का लिहिलाय?"

"सगळ्यांकडं पाचच असतो."

"आणि साउंड कार्ड?"

"डेअरीत साउंड कार्ड कशाला लागतं?"

"बोलायची सोय तुम्हीच दिलीत ना!"

तो म्हणाला, "हो का?" आणि फोन कट झाला. लाइन तुटली नाही हो, त्यानं ठेवला.

जंपर परत पाचवर बसवला. मग साउंड कार्डाला हलवायचं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन पाचचं दहा करायला गेले, तर विंडोज म्हणतं, ही सेटिंग बदलता येत नाही. स्वतः वाटप करणार आणि वर विचारायचंही नाही!

तेवढ्यात आबा आले. मी म्हटलं, "आबा, तात्पुरता आवाज बंद ठेवूया?"

"आवाज बंद? आवो, इंदापूरपास्नं लोकं बघाय येत्यात!"

"मग तात्यांचं नाव थोडं छोटं करूया? नुसतं 'रंगराव'?"

आबा दाराकडं बघून हळूच म्हणाले, "ते तुमीच इचारा."

तात्या बाहेर एम-एटीला टेकून उभे होते. पांढरं धोतर, मिशी. मी गाईच्या आकड्याचं सांगितलं आणि नावाचं विचारलं. त्यांनी मला खालून वर बघितलं.

"कुनाची तू?"

"बारामतीची. कंप्युटरवाली."

"तर पोरी, नाव कापायचं आसंल तर माझं दूधच बंद कर. आन भागूला सांग, माझ्याच गाडीवरनं पानी आनून माझ्याच गाईचं नाव घेती म्हनावं." मग जरा थांबून, "तशी ती पानी घालनारी न्हाय. पन कंप्युटर म्हनतंय."

म्हणजे ह्यांनाही ती पाणी घालणारी वाटत नव्हती! पण कंप्युटर म्हणतंय!

आता शेवटचा हुकमी उपाय. कंप्युटर चालू होताना डिलीट दाबलं की निळा पडदा येतो, बायॉस. विंडोजच्याही आधी जागा होणारा भाग. तिथं प्रत्येक लाइनीपुढं लिहिता येतं, ही नव्या कार्डांना द्यायची की जुन्यासाठी राखून ठेवायची. पाचपुढं मी 'लेगसी' केलं. लेगसी म्हणजे जुनं, आधीपासून बसलेलं, ह्याला उठवू नका. सेव्ह. चालू. साउंड कार्ड मुकाट दहावर! तात्यांचं नाव लावलं, सॅम्पल दिलं, आणि नावाच्या मधोमध आकडा टक्कन बदलला. मी आणि दत्तानं टाळी दिली. मला चहा आला, भजी आली.

आणि पाचच्या सुमाराला लाइट गेली.

जनरेटर चालू झाला, कंप्युटर परत लावला, तर पडद्यावर इंग्रजीत काहीतरी तक्रार आणि 'एफ वन दाबा'. दत्तानं न वाचता दाबलं आणि तारीख टाइप करायला लागला.

"तारीख का टाकतोयस?"

"रोजच टाकावी लागती की सकाळी. ह्याला ठावं नसतं ना. रात्रभर बंद आसतंय."

अरे देवा! ह्याला वाटायचं सगळ्या कंप्युटरना रोज सकाळी तारीख सांगावी लागते, म्हशीला चारा घालतात तसं! खरं म्हणजे आतला बटणासारखा सेल संपला होता. तो संपला की वीज गेली रे गेली बायॉस सगळं विसरतं. बायॉस बदलल्यापासून मी नुसतं रीस्टार्ट करत होते, वीज तोडली नव्हती, आणि त्याआधी कार्डं काढून परत चालू केलं तेव्हा एफ वन दत्तानंच दाबलं असणार, म्हणून माझ्या लक्षात आलं नाही. साउंड कार्ड परत पाचवर. असला सेल बारामतीशिवाय मिळणार नाही. बाहेर किटल्या लागायला लागलेल्या. कमिटीचे लोक खुर्च्या टाकून बसलेले. तात्यांची एम-एटी आली, दोन किटल्या उतरल्या, एकीमागं एक.

बायॉस विसरतं. मग न विसरणारं काय? हार्ड डिस्क! आणि तेव्हा आठवलं. डिव्हाइस मॅनेजरच्या यादीत सगळ्यात वर 'कंप्युटर' असं नाव असतं, त्यावर कुणी कधी क्लिक करत नाही. तिथं आत एक जागा आहे, 'रिझर्व्ह रिसोर्सेस'. विंडोजला सांगायची सोय, की बाबा ह्या लाइनीवर कुणीतरी बसलंय, कोण ते विचारू नकोस, फक्त कुणाला देऊ नकोस. पाच टाकलं. ओके. रीस्टार्ट. विंडोजचे ढग काही हलेनात, मागून आबा विचारतायत "झालं का?" आणि मी "झालं झालं" म्हणतेय.

साउंड कार्ड, दहा.

मी मुद्दाम मेन स्विच काढून परत लावला. दत्तानं एफ वन दाबलं, तारीख टाकली. साउंड कार्ड, दहा!

दूध सुरू झालं. सोपान. लक्ष्मण. मग तात्या. "माजी सरपंच... विद्यमान संचालक..." दत्तानं मावशीचं सॅम्पल दिलं. "सोसायटीचे आधारस्तंभ..." हिरवा दिवा. पडद्यावरचा आकडा बदलला. "...पाटील. गाय. फॅट, तीन पॉइंट सात." एंटर.

"भागूबाई. म्हैस. फॅट, सात पॉइंट एक."

सगळेच एकदम बोलायला लागले. आबांनी कमिटीला मी काय सांगितलं ते आपल्या शब्दांत सांगितलं, की तात्यांच्या नावाखाली मावशीची फॅट दबत होती. तात्या चमकून म्हणाले, "म्हंजी माझ्या नावात यवढं वजन हाय?" आणि खरं सांगते, खूश झाले!

मला वाटलं भागूमावशी रडेल किंवा मला जवळ घेईल. ती सरळ टेबलाशी गेली, स्पीकरकडं बोट दाखवून आबांना म्हणाली, "ह्यानं इतकं दीस समद्यांम्होरं सांगितलं. आता ह्यानंच समद्यांम्होरं माघारी घ्यायचं. तुमी न्हाय. ह्यानं."

"आगं मावशे, मशीन हाय त्ये."

"लबाड बोलताना नव्हतं व्हय मशीन?"

कमिटीनं वैशालीवहिनींना हाताला पीठ लागलेलं तसंच बोलावून आणलं. माइक जोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरी उघडल्या उघडल्या, कुणाचंही माप घ्यायच्या आधी, वस्तीभर ऐकू गेलं म्हणे : "भागूबाईंचं दूध पहिल्यापासून चोख होतं. चूक मशीनची होती." मावशीनं ते आठवडाभर लावायला लावलं. सकाळ-संध्याकाळ. जेवढं खोटं, तेवढं खरं.

मी नंतर सेल बसवायला गेले तेव्हा दत्तानं सांगितलं, की आता ज्याची फॅट कमी येते तो म्हणतो, "माझं आयआरक्यू बघा." मी बघून आले. कुठल्याच लाइनवर भांडण नव्हतं. काचेची नळी सोडली, तर त्यातल्या दोघांच्या दुधात चांगलंच पाणी निघालं.

तेव्हापासून मी कुठंही नवीन कार्ड टाकायला गेले की आधी झाकण उघडून बघते, आत जुनं कोण कुठं बसलंय. पिवळी खूण नसली म्हणजे भांडण नाही, असं फक्त विंडोजला वाटतं.